जुनी फिल्म टाकू नका

व्ह्यू बॉक्ससमोर : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

तीस वर्षं मी सरकारी रुग्णालयांच्या क्ष-किरण विभागांत काढली. आता निवृत्तीनंतर आठवड्यातले तीन दिवस कोल्हापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मॅमोग्राफी (म्हणजे स्तनांचे क्ष-किरण फोटो) आणि सीटी वाचते. या सदराकडे आलेल्या पत्रांत यंदा एकच विषय फिरून फिरून येतो आहे. संगणक म्हणे आता फोटो बघून सांगतो, पुढे कॅन्सर होणार का, आणि झालेला असला तर तो वाढणार का. खरं आहे का हे? पाच पत्रं घेतली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलं, कारण ते वाचताना मला माझी एक जुनी पेशंट आठवली.

प्रश्न : माझं वय 46. थोरल्या बहिणीला तीन वर्षांपूर्वी स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन, केमो सगळं होऊन ती आता बरी आहे. मी दर वर्षी मॅमोग्राफी करते. रिपोर्टमध्ये ‘बायरॅड्स 2, डेन्सिटी सी’ असं येतं आणि डॉक्टर काळजी नको म्हणतात. माझा भाचा बॉस्टनला असतो. तो सांगतो, तिकडे ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम मॅमोग्राफीवरून पुढच्या पाच वर्षांतला धोका काढून देतो, फिल्मचे फोटो व्हॉट्सअॅपवर पाठव. पाठवू का? आणि आकडा वाईट आला तर काय करायचं?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, फोटो पाठवू नका. मिराई खरी आहे, भाचाही तुमच्या काळजीपोटीच सांगतो आहे. पण खिडकीच्या उजेडात धरून मोबाईलवर काढलेल्या फिल्मच्या फोटोत तिला हवं ते काहीच उरत नाही. तिला लागतात डिजिटल मशीनमधून निघालेल्या मूळ फाईल्स. दोन्ही बाजूंच्या, वरून आणि तिरक्या कोनातून घेतलेल्या, अशा चार.

ही मिराई आहे काय, ते आधी सांगते, कारण तिची गोष्ट मला फार जवळची वाटते. रेजिना बार्झिले या अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या प्राध्यापक. संगणकाला माणसाची भाषा शिकवणं हे त्यांचं क्षेत्र. 2014 मध्ये त्यांना स्वतःला स्तनाचा कॅन्सर झाला. बऱ्या झाल्यावर त्यांनी आपलं कसब या आजाराकडे वळवलं. अॅडम याला हा त्यांचा विद्यार्थी आणि इतर सहकारी यांच्यासोबत त्यांनी ही प्रणाली बांधली आणि 2021 मध्ये तिचा शोधनिबंध आला. मिराई हा जपानी शब्द, अर्थ ‘भविष्यकाळ’. बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या 2 लाखांहून जास्त तपासण्या तिला दाखवल्या गेल्या. प्रत्येक तपासणीबरोबर पुढे त्या बाईचं काय झालं, हेही सांगितलं गेलं. या बाईला दोन वर्षांनी कॅन्सर निघाला, हिला चार वर्षांनी, हिला निघालाच नाही. हे पुन्हा पुन्हा बघत कॅन्सर निघण्याआधीच्या चित्रांत काय वेगळं असतं, ते ती आपलं आपण शिकली.

आता माझ्या पेशंटची गोष्ट. 2009 साल असेल. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या एक बाई तपासणीला आल्या होत्या. मी फिल्म वाचली आणि ‘दोष आढळला नाही’ असं लिहून सही केली. दोन वर्षांनी त्या उजव्या बाजूला गाठ घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांनी जुनी फिल्म जपून ठेवली होती, कापडी पिशवीत, वर्तमानपत्रात गुंडाळून. मी नवी आणि जुनी शेजारी शेजारी व्ह्यू बॉक्सवर, म्हणजे फिल्म बघायच्या उजेडाच्या पेटीवर, लावली. नव्या फिल्ममध्ये गाठ जिथे होती, नेमक्या त्याच जागी जुन्या फिल्ममध्ये पेशींच्या रेषा एका बिंदूकडे किंचित ओढल्यासारख्या दिसत होत्या. साडीला काटा अडकला की भोवतालचं कापड ओढलं जातं, तसं. गाठ नव्हती, डाग नव्हता, ओढ तेवढी होती. बाईंनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. मी मात्र त्या दिवसापासून प्रत्येक मॅमोग्राफीला पहिला प्रश्न विचारते, ‘जुनी आणलीय का?’

म्हणून मिराईचं मोल मला कळतं. ती ओढ मला दोन वर्षांनी दिसली, तीही कुठे बघायचं हे कळल्यावर. आधीच बघता यावी, यासाठी ही सगळी खटपट आहे.

पण तिची मर्यादाही तितकीच नीट समजून घ्या. 2021 च्या त्या अभ्यासात, ज्यांना पाच वर्षांत कॅन्सर झाला अशा बायकांपैकी सुमारे 42 टक्के बायकांना मिराईने आधीच ‘जास्त धोका’ या गटात घातलं होतं. वय, घराण्यातला आजार, पाळी कधी आली असल्या प्रश्नांवरून धोका काढणारं टायरर-क्यूझिक नावाचं जुनं गणित आहे. त्याला हे जमलं 23 टक्के बायकांच्या बाबतीत. म्हणजे सुधारणा जवळजवळ दुप्पट. तरीही 100 पैकी 58 बायका अशा राहिल्या, की मिराईने त्यांना जास्त धोक्यात धरलं नव्हतं आणि पुढे कॅन्सर झाला. आकडा चांगला आला म्हणून पुढच्या वर्षीची मॅमोग्राफी चुकवणाऱ्या बाईची मला भीती वाटते ती यामुळे.

पुढे पाच देशांतल्या सात रुग्णालयांत तिची परीक्षा झाली : अमेरिका, इस्रायल, स्वीडन, तैवान आणि ब्राझील. 62,185 बायकांच्या 1,28,793 मॅमोग्राफी. त्यात तिचे गुण 0.75 ते 0.84 आले. म्हणजे काय? दोन बायका घ्या, एकीला कॅन्सर आधी झाला, दुसरीला नंतर किंवा झालाच नाही. अशा 100 जोड्यांमध्ये धोका कोणाला जास्त, हे तिने 75 ते 84 वेळा बरोबर सांगितलं. नाणं उडवलं तर 50 वेळा बरोबर येतं. त्या सात रुग्णालयांत भारतातलं एकही नव्हतं, हे मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधीच्या वयात दिसतो. बॉस्टनच्या बायकांवर शिकलेली प्रणाली सांगलीच्या बाईला ‘धोका 2 टक्के’ म्हणाली, तर तो 2 खरंच 2 आहे का, हे आपल्या बायकांवर तपासून बघितल्याशिवाय ठरणार नाही. औषधं आणि वैद्यकीय उपकरणांना परवानगी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेने 2025 मध्ये मॅमोग्राफीवरून पाच वर्षांचा धोका सांगणाऱ्या एका वेगळ्या प्रणालीला मान्यता दिली. तेव्हा अशा गोष्टी आपल्या दारातही येतील, आणि त्या आल्या की पहिला प्रश्न हाच विचारायचा : ‘इथल्या किती बायकांवर तपासलीत?’

आणि आकडा वाईट आलाच, तर? समजा, पाच वर्षांत 4 टक्के आला. ऐकताना छातीत धस्स होतं. पण याचा अर्थ 100 बायकांपैकी 96 जणींना त्या पाच वर्षांत काही होणार नाही. अशा आकड्यावर कोणी ऑपरेशन करत नाही. पुढची तपासणी कधी करायची आणि कसली करायची, एवढं त्याने बदलतं : वर्षाऐवजी सहा महिन्यांनी, किंवा मॅमोग्राफीच्या जोडीला सोनोग्राफी, किंवा एमआरआय.

आणि ताई, हे बदल तुमच्यासाठी मिराईशिवायही आजच करता येतात. तुमच्या रिपोर्टमधला ‘2’ म्हणजे जे दिसतं ते निरुपद्रवी. तो डॉक्टरांनी वाचला. शेजारच्या ‘सी’कडे मात्र तुमचं लक्ष कोणी वेधलेलं दिसत नाही. ए, बी, सी, डी हे स्तनाच्या घनतेचे चार प्रकार. सी म्हणजे दाट. दाट पेशी फिल्मवर पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. शिजलेल्या भातात साबुदाण्याचा दाणा शोधण्यासारखं ते काम आहे. त्यात दाट स्तनांत कॅन्सरचा धोका मुळातच थोडा जास्त असतो. सी लाखो बायकांना असतो आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पण तुमच्या सख्ख्या बहिणीला हा आजार झालेला आहे. तेव्हा पुढच्या वेळी मॅमोग्राफीबरोबर सोनोग्राफी करायची का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. बहिणीला आजार कोणत्या वयात झाला, तेही त्यांना सांगा. पन्नाशीच्या आत झाला असेल तर आधी तिची बीआरसीए जनुकांची (त्यांतला दोष हा आजार घराण्यात उतरवतो) तपासणी व्हायला हवी. ती कोणी सुचवली होती का, हे आज रात्रीच फोन करून विचारा. त्या एका तपासणीचा निकाल तुमच्याबद्दल जे सांगेल, ते आज कोणतंही चित्र सांगू शकणार नाही.

राहता राहिल्या तुमच्या जुन्या फिल्म्स. दर वर्षी करता म्हणता, म्हणजे चार-पाच तरी असतील. त्या ठेवा. लॅमिनेट करू नका (लोक प्रेमाने करून आणतात आणि मग व्ह्यू बॉक्सवर नुसती चकाकी दिसते). कृष्णेकाठची पावसाळी हवा फिल्म एकमेकींना चिकटवते, म्हणून मधे कोरा कागद घालून उभ्या ठेवा. फिल्ममध्ये चांदी असते म्हणून भंगारवाले त्या मागतात, आणि ग्रहण बघायला म्हणून मुलं पळवतात. दोघांनाही देऊ नका. मुलांचे डोळेही त्याने खराब होतात. यापुढे सेंटरमधून कागदी रिपोर्टबरोबर सीडी किंवा पेनड्राइव्हवर ‘डायकॉम’ फाईल मागून घ्या. हा शब्द असाच म्हणा, काउंटरवरच्या माणसाला कळतो. उद्या मिराई किंवा तिची एखादी भारतीय बहीण सांगलीत आली, तर तिला दाखवायला तुमच्याकडे दहा वर्षांचा इतिहास तयार असेल.

प्रश्न : वय 58, इचलकरंजीत यंत्रमागाचा व्यवसाय. 1994 मध्ये टीबी झाला होता, औषधांचा कोर्स पूर्ण केला. 2021 मध्ये करोनाच्या वेळी सीटी केला त्यात उजव्या फुप्फुसात 7 मिलिमीटरची गाठ लिहिली होती, पण तेव्हा जीव वाचवण्याच्या गडबडीत कोणी लक्ष दिलं नाही. आता 2025 मध्ये खोकल्यासाठी पुन्हा सीटी केला. 8 मिलिमीटर आली आणि खाली कॉम्प्युटरने ‘कॅन्सरची शक्यता 14 टक्के’ असं छापलं आहे. बिडी दहा वर्षांपूर्वी सोडली. घरात कोणाला अजून सांगितलेलं नाही.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दादा, घरात सांगा. एकट्याने 14 हा आकडा उराशी धरून झोपू नका.

आता आपण दोघं मिळून थोडं गणित करू. गाठ चेंडूसारखी धरली, तर 7 मिलिमीटरच्या गाठीचं आकारमान सुमारे 180 घन मिलिमीटर होतं आणि 8 च्या गाठीचं सुमारे 268. व्यास एक मिलिमीटरने वाढला की आकारमान दीडपट होतं, म्हणून छातीच्या गाठी नुसत्या व्यासावर मोजू नयेत. संगणकाचा खरा उपयोग इथे आहे. तो गाठ सगळ्या बाजूंनी मोजतो, आम्ही एका बाजूने पट्टी लावतो. पण तुमच्या बाबतीत दीडपट व्हायला चार वर्षं लागली. हा वेग खरा धरला तर दुप्पट व्हायला सात वर्षं लागतील. फुप्फुसातला भरीव गाठीचा कॅन्सर सहसा 400 दिवसांच्या आत दुप्पट होतो. शिवाय 7 आणि 8 हा फरक गाठीत नसून मोजण्यातही असू शकतो. श्वास किती आत घेतला, सीटीचे काप किती जाडीचे काढले, कोणी मोजलं, यावर मिलिमीटरभर इकडेतिकडे होतं. गाठ वाढली असं म्हणायला आम्ही निदान 2 मिलिमीटरचा फरक बघतो.

हे सगळं त्या 14 टक्क्यांत आलेलं असेलच असं नाही. असली बरीच गणितं एकाच स्कॅनवरून आकडा काढतात. संगणकाला 2021 चा स्कॅन दिला होता का, हे सेंटरला विचारा. बहुधा नसेल. दुसरा मुद्दा तुमच्या टीबीचा. तुमच्या-माझ्या पिढीतल्या कितीतरी लोकांच्या छातीत बऱ्या झालेल्या टीबीच्या खुणा असतात. अशा प्रणाली ज्या स्कॅनवर शिकतात, ते बहुतेक परदेशी असतात. ‘सिबिल’ नावाची नावाजलेली प्रणाली घ्या. तीही बार्झिले यांच्याच गटाची. ती एका सीटीवरून सहा वर्षांपर्यंतचा धोका सांगते, 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. तिला शिकवलं ते अमेरिकेतल्या मोठ्या फुप्फुस-तपासणी प्रयोगातल्या स्कॅनवर, म्हणजे 55 ते 74 वयाच्या, खूप वर्षं भरपूर सिगारेट ओढलेल्या लोकांवर. त्या प्रयोगात 53,454 लोक होते आणि सीटी तपासणीमुळे फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. काम मोठंच आहे, पण 1994 च्या इचलकरंजीतला टीबी त्या लोकांच्या छातीत नव्हता.

तेव्हा करायचं ते असं. 2021 ची सीडी शोधा. कागदी रिपोर्टवर भागणार नाही, सीडीच हवी. घरात नसेल तर जिथे स्कॅन केला तिथे अर्ज करा. दोन्ही सीडी घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे जा आणि त्याच जागेचे काप शेजारी शेजारी लावून बघायला सांगा. गाठीत चुना साठलेला दिसला, किंवा भरीव गाठ चार वर्षं तशीच निघाली, तर बहुतेक वेळा तिथेच विषय मिटतो. खरोखर वाढलेली दिसली किंवा गाठ धुरकट काचेसारखी असली तर पुढचं बघावं लागेल. तेव्हा कोणी थेट पेट स्कॅन सुचवला तर टीबीचं आवर्जून सांगा, कारण जागा झालेला टीबीही पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारखा चमकतो. आणि खोकल्यासाठी थुंकीची तपासणी झाली का? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. उद्याच करून घ्या.

प्रश्न : आमच्या महिला मंडळात एका संस्थेने उष्णतेच्या कॅमेऱ्याने स्तनाची तपासणी ठेवली आहे. हात लावत नाहीत, दुखत नाही, कॉम्प्युटर लगेच धोका सांगतो. मॅमोग्राफीऐवजी हे चालेल का?
— मंडळाच्या कार्यवाह, सोलापूर

उत्तर : मॅमोग्राफीऐवजी चालणार नाही. अमेरिकेच्या एफडीएनेही बायकांना हेच जाहीरपणे बजावलं आहे. ज्या बाईला हाताला गाठ लागते तिला तर अशा कॅमेऱ्यासमोर उभीच करू नका, सरळ रुग्णालयात पाठवा. हिरवा रंग दिसला म्हणून गाठ घेऊन घरी परतलेली बाई मी पाहिली आहे.

मंडळाला काही करायचंच असेल तर एक पक्की गोष्ट सांगते. टाटा मेमोरियलने 1998 पासून मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखांवर बायकांचा अभ्यास केला. निम्म्या भागांत प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातांनी स्तन तपासले. ना मशीन, ना फिल्म. वीस वर्षांनी हिशेब मांडला तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झालेले दिसले. त्याहून लहान वयात तसा फायदा दिसला नाही. पण एवढा मोठा पुरावा त्या कॅमेऱ्याच्या मागे नाही. तुमच्या शहरातल्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरना बोलवा. तिशीपुढच्या बायकांची अशी तपासणी सरकारी कार्यक्रमातच आहे.

प्रश्न : माझे बाबा 69 वर्षांचे, चिंचवडला एकटे राहतात. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला : पीएसए या रक्ततपासणीत 6.2, बायोप्सीत ग्लीसन 3+3, एमआरआयमध्ये पायरॅड्स 3 (5 पैकी, म्हणजे संशय मधला). डॉक्टर म्हणतात, ‘काही करायचं नाही, लक्ष ठेवू.’ कॅन्सर असून काही करायचं नाही, हे मला पटत नाही. एमआरआयवरून हा वाढणार की नाही, हे एआयने सांगता येईल का?
— एक मुलगी, दुबई

उत्तर : तुम्ही लांब आहात म्हणून हे ‘काही करायचं नाही’ अधिकच बोचतं, हे मी समजू शकते. पण ‘लक्ष ठेवणं’ हा या आजारातला रीतसर उपचार आहे. ब्रिटनमध्ये 1,643 पुरुषांवर एक अभ्यास झाला. एका गटावर ऑपरेशन, एकावर रेडिएशन, एकावर नुसतं लक्ष. पंधरा वर्षांनी तिन्ही गट मिळून या कॅन्सरने 45 जण गेले, म्हणजे 3 टक्क्यांहूनही कमी, आणि तिन्ही गटांत आकडे जवळपास सारखे होते. दुसरी बाजू लपवत नाही. लक्ष ठेवलेल्या गटात आजार शरीरात पसरण्याचं प्रमाण 9 टक्क्यांवर होतं, उपचार केलेल्या गटांत 5 च्या आसपास. आणि लक्ष ठेवलेल्यांपैकी सुमारे 60 टक्के लोकांना पुढे कधी ना कधी उपचार घ्यावेच लागले. म्हणून ‘लक्ष’ हे खरोखरचं लक्ष असलं पाहिजे. त्या अभ्यासातल्या लोकांवर मुख्यतः पीएसएने पहारा ठेवला होता, आज हाताशी एमआरआय आहे.

‘हा वाढणार का’ याचं आज सर्वांत चांगलं उत्तर बाबांचा पहिला एमआरआय आणि पुढचा एमआरआय यांच्यामध्ये दडलेलं आहे. दोन एमआरआयमधला बदल 1 ते 5 असा मोजण्याची पद्धतही आहे, तिला ‘प्रिसाइज’ म्हणतात. 3 म्हणजे जैसे थे, 4 आणि 5 म्हणजे वाढ. एमआरआयवर आणि बायोप्सीच्या काचपट्टीच्या चित्रांवर पुढचा धोका सांगणाऱ्या संगणक प्रणाली आल्या आहेत. काचपट्टीवरच्या तर अमेरिकेत वापरल्याही जातात. पण बाबांच्या ग्लीसन 6 साठी (3+3 म्हणजे 6, बायोप्सीतली सर्वांत मंद श्रेणी) आज मी त्यावर पैसे घालायला सांगणार नाही.

तुम्ही दुबईतून एवढं करा. पहिल्या एमआरआयची फाईल मागवून स्वतःकडे ठेवा. पुढचा एमआरआय शक्यतो त्याच मशीनवर करा. पीएसएच्या तारखा बाबांच्या नाही, तुमच्या फोनमध्ये नोंदवा. आणि पुन्हा बायोप्सी कधी, हे डॉक्टरांकडून तारखेसकट लिहून घ्या. ‘बघू’ हे उत्तर घेऊ नका. एकटा राहणारा माणूस बरं वाटतंय म्हणून तपासणी पुढे ढकलतो, आणि लक्ष ठेवण्याच्या उपचारात खरी जोखीम तीच आहे.

प्रश्न : मी बार्शी तालुक्यातली. सध्या लातूरला मॅमोग्राफी टेक्निशियनचं काम शिकते. आमच्या सरांनी सांगितलं, पुढे रिपोर्ट एआयच वाचणार. मग आमच्या कामाला काय अर्थ राहणार? आणि आमच्याकडच्या गावातल्या बायकांच्या फिल्म्स अशा संशोधनाला कधी उपयोगी पडतील का?
— एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर : बाळ, सगळी मशिनं तुझ्या हातावर अवलंबून राहणार आहेत. तिरक्या फिल्ममध्ये छातीचा स्नायू स्तनाग्राच्या पातळीपर्यंत खाली आला नाही, तर काखेकडचा भाग चित्रात येतच नाही, आणि सर्वांत जास्त गाठी वरच्या बाहेरच्या बाजूलाच असतात. जे चित्रात नाही त्याचा धोका कोणता संगणक सांगणार? पुरेसा दाब दिला नाही तर पेशी एकावर एक चढतात आणि निरोगी जागी संशय उभा राहतो. जास्त दुखवलंस तर ती बाई पुढच्या वर्षी यायची नाही, आणि तुलनेला दुसरं चित्रच मिळणार नाही. दाब देण्याआधी ‘मावशी, दहा सेकंद, मी मोजते’ असं म्हण. तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या बायका या वाक्यावर हात ढिला सोडतात, हे मी हजारदा पाहिलं आहे.

आता दुसरा प्रश्न, तो तू बार्शीची म्हणून विचारलास याचा मला फार आनंद झाला. धोका सांगणारी प्रणाली घडवायला नुसती चित्रं पुरत नाहीत. पाच वर्षांनी त्या बाईचं काय झालं, हे कळावं लागतं. बॉस्टनला ते कळलं, कारण बायका त्याच रुग्णालयात येत राहिल्या आणि नोंदी जुळत गेल्या. आपल्याकडे बाई तपासणी लातूरला करते, ऑपरेशन सोलापूरला, केमो मुंबईला, आणि नाव प्रत्येक ठिकाणी वेगळं पडतं. कुठे माहेरचं, कुठे सासरचं, कुठे वय अंदाजे.

ही अडचण सोडवण्याची सुरुवात देशात कुठे झाली माहीत आहे? तुझ्याच बार्शीत. 1987 मध्ये तिथे भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली 346 गावं. कॅन्सरचा जो रुग्ण रुग्णालयात येईल त्याचीच नोंद, ही पद्धत तिथे चालणारी नव्हती, कारण खेड्यातली माणसं रुग्णालयापर्यंत पोचतच नव्हती. मग नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांशी बोलले, कोणाला काय होतंय हे विचारलं आणि लिहून ठेवलं. आपल्या खेड्यांत कोणता कॅन्सर किती आहे, हे देशाला त्या वह्यांमुळे कळलं. उद्या कोणी मराठवाड्यातल्या बायकांसाठी स्वतःची मिराई बांधायला बसलं, तर त्यांना तुझी फिल्म आणि तशी वही, दोन्ही लागतील. आणि दोन्ही एकाच बाईच्या आहेत हे ओळखता आलं पाहिजे.

म्हणून मशीनवर नाव टाइप करताना घाई करू नकोस. आधार कार्डावरचं पूर्ण नाव घे. जन्मसाल विचार. ते माहीत नसेल तर ‘थोरलं लेकरू केवढं आहे’ असं विचारून काढ. गाव आणि तालुका दोन्ही लिही, कारण एकाच नावाची गावं जिल्ह्याजिल्ह्यात असतात. मोबाईल नंबर बहुधा मुलाचा मिळतो, तेव्हा सुनेचाही मागून घे. मुलाचा नंबर वर्षाला बदलतो आणि फॉलोअपचा फोन सूनच उचलते. आणि जाताना त्या बाईच्या हातात सीडी देताना पाकिटावर ठळक मार्करने तारीख घालून सांग : ‘मावशी, पुढच्या वेळी ही घेऊन या.’